गणती

ब्यूनोस आयरेसच्या पश्चिम टोकाला
मांजर आडवं जावं तशी
दर चार मिनिटांनी शहराला गाडी आडवी जाते.
तिथे मला मोजायला बसवलंय.
खुर्ची माझी, छत्री पालिकेची,
हातात चार बटणांचं यंत्र : मोटार, बस, ट्रक, दुचाकी.
पायी माणसांसाठी कागदावर रेघा,
चार उभ्या आणि पाचवी आडवी.
दुपारपर्यंत प्रत्येक आडवी रेघ
मला फाटकाचा दांडा वाटू लागते.

जुलै आहे, म्हणजे इथे कडाक्याची थंडी.
बोटं गारठली की बटण दोनदा दाबलं जातं
आणि जगात कुठेच नसलेली एक बस
पालिकेच्या दप्तरी कायमची उभी राहते.

इंजिनिअर इतुर्बे म्हणतात,
तासातली चौतीस मिनिटं हे फाटक बंदच.
रस्ता खालून नेऊ, रूळ राहतील वर.
तू फक्त आकडे आण, नोएमी.

आकडे आणते.
पण केबिनमध्ये ओव्हिदियोची पाळी असली
की दोन गाड्यांमधल्या फटीतून सतरा मोटारी निघतात,
दुसरा कुणी असला की अकरा.
तीच फट, तेच नियम, तोच दांडा.
मी तीन दिवस ताडून पाहिलं, मग जिना चढून त्याला विचारलं.
तो डब्यातल्या टोमॅटोच्या रोपाला पाणी घालत म्हणाला,
पुढच्या ड्रायव्हरकडे बघायचं.
झोपलेला असला तर दांडा हलायच्या आधी
खिडकीवर दोनदा टकटक करायची. बस्स.

इतुर्बेंना सांगितलं.
म्हणाले, छान. सरासरी काढ.
चौदा लिहिलं.
चौदा मोटारी मी एकदाही जाताना पाहिल्या नाहीत.

फाटक पडलं की एउलोखिया निघते,
टोपलीत फडक्याखाली गरम चिपा,
काचेकाचेशी वाफ घेऊन जाते.
तिची गणती वेगळी :
साधी गाडी गेली तर चार-पाच खपतात,
मालगाडी आली तर देवच पावला.
बोगद्याचं ऐकून ती एवढंच म्हणाली,
जमिनीखाली कुणाला भूक लागते का गं?
आणि एक चिपा माझ्या छत्रीच्या दांड्याला बांधून गेली.

गुरुवारी, नऊ वाजून बारा मिनिटांनी
एक अँब्युलन्स रांगेत सातवी आली.
गाडी गेली. दांडा उठेना, उलट दिशेची येत होती.
तीही गेली. मग मालगाडी.
एउलोखियानं टोपली खाली ठेवली.
हॉर्न वाजवायचंही कुणाला सुचलं नाही,
फक्त वरचा तो निळा दिवा
बेकरीच्या भिंतीवरून फिरत राहिला.
ओव्हिदियो जिन्यावर आला, हात शर्टाला पुसत.
दांडा उचलणं त्याच्या हातात होतं
आणि नव्हतंही.
एकतीस वर्षं तो बोगद्याविरुद्ध अर्ज लिहीत आलाय.
वाघिणी मोजत, माझ्याकडे न बघता म्हणाला,
खणू देत.

साडेसहा मिनिटं.
अँब्युलन्सला रकाना नव्हता.
मी तिला ट्रकमध्ये टाकली.
मग खोडली, बसमध्ये टाकली.
आत कोण होतं, पोचलं का, ते विचारायला
फॉर्मवर जागा नव्हती, आणि मीही नाही विचारलं.

बोगदा होऊन आता दोन वर्षं झाली.
एउलोखिया पुढच्या फाटकावर गेली,
तिथेही म्हणे कुणी मुलगी यंत्र घेऊन बसते.
केबिन उभी आहे, कुलूप लावलेली.
टोमॅटो कुणी नेले ठाऊक नाही.

परवा बसनं पहिल्यांदाच खालून गेले.
सवयीनं मोजायला लागले, अकरापर्यंत आले
तोच उजेड आला.
मध्येच कुठेतरी काच थरथरली होती,
वरून गाडी गेली असणार.
समोरचा माणूस झोपला होता.
माझं बोट आपोआप उठलं, खिडकीवर टकटक करायला,
आणि मी ते परत मोज्यात घातलं.